साथीला कोण?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पेनड्राइव्हमध्ये घालून दिलेला ‘द बिग ब्लू’, एका श्वासावर खोल समुद्रात उतरायची स्पर्धा लावणाऱ्या दोघांचा सिनेमा, परवा रात्री बघितला. खानापुरात पाऊस असा, की कौलांच्या आवाजात निम्मं बोलणं गेलं. खाली ओळी येत होत्या म्हणून निभावलं, आणि त्या सिनेमात बोलण्यावाचून फारसं अडतही नाही. तुझी आई मध्येच म्हणाली, “हे दोघं जीव द्यायलाच खाली जातात की! ह्याला स्पर्धा काय म्हणतात?” आणि झोपायला गेली.

संगीत मात्र आवडलं. १९८८ सालचं, एरिक सेराचं. सिंथेसायझर आणि मधूनच सॅक्सोफोन, म्हणजे आमच्या पेटीच्या जातीतलं काही नाही. तरी भाता भरत यावा तसं ते हळूहळू फुगत येतं. अमेरिकेत दाखवताना म्हणे हे संगीत काढून दुसऱ्याचं घातलं, शेवटही बदलला. शेवट बदलला ते एक वेळ समजतो. पण संगीत? पेटीतले सूर काढून घेऊन नुसतं खोकं विकल्यासारखं झालं ते.

मग मी एक खोडी केली. शेवटचा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावला. पहिल्यांदा बघताना तो माणूस समुद्रात विरघळतोय असं वाटलं होतं, माझे डोळेही भरले होते. आवाज गेल्यावर दिसलं ते एवढंच: रात्र आहे, माणूस आजारी आहे, भ्रमात आहे, आणि वर असलेली त्याची बाई त्याच्या हट्टापुढे हरून त्याला खाली सोडणारी कळ ओढते. साथीला होती, तिनंच सोडून दिलं. तू ध्वनीचं काम करतेस, संगीत माणसाला कुठं वाहवत नेतं ते तुला मी काय सांगू? ज्याच्यावरून सिनेमातला हा माणूस घेतला, तो खरा झाक मायोल १९७६ मध्ये एल्बा बेटापाशी एका श्वासावर १०० मीटर गेला, तेव्हा त्याच्या वाटेवर मदतीचे पाणबुडे होते.

तुला कधी सांगितलं नाही. मी बारा वर्षांचा असताना घरची कळशी विहिरीत पडली. गळ टाकून निघेना, म्हणून मी बुडी मारली. पहिल्या बुडीत कानात सळई घातल्यागत दुखलं, वर आलो. दादा काठावर होता, त्याच्यापुढे हार कशी मानायची? पायरीवर उभा राहून वीसेक श्वास भराभर घेतले आणि पुन्हा उतरलो. या खेपेला गंमत म्हणजे जीव घाबरा झालाच नाही. अगदी निवांत वाटत होतं. कळशीचा गळा हाताला लागला, वर निघालो, डोक्यावर उजेडाचा गोल दिसत होता, तो एकदम विझला. पुढचं आठवतं ते पायरीवर पडलोय, केस दादाच्या मुठीत आणि तो ओरडतोय, “मरालास काय रे!” कळशी परत तळाला. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर वडिलांनी ती काढली.

असं का झालं ते तू इथं विसरून गेलेल्या पुस्तकात आत्ता वाचलं. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपत आला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेऊन मी तोच काढून टाकला होता, म्हणजे घंटेची जीभच काढून ठेवली. खाली १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट आणि फुफ्फुस निम्मं. वर येताना तो दाब उतरतो, तसा उरलासुरला प्राणवायू पुरेनासा होतो. म्हणून शुद्ध जाते ती तळाला नव्हे, काठ हाताशी आल्यावर.

तूही आता अशी बुडी मारणार आहेस, पण तुझा दम कमी पडेल अशी भीती मला नाही. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयानं निकामी केलं, तरी लहान लहान तुकड्यांत त्यांनी गाणं पुन्हा उभं केलं. पण त्यांना श्वासाला जागा घेता येत होती, आणि तेवढा वेळ मागचे तंबोरे भरून काढत होते. पाण्यात ती जागा नाही.

पुढच्या महिन्यात मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी पाण्यात उतरणार म्हणालीस. जा. आईला मी समजावतो. पण पहिल्या दिवशी दोराला हात लावण्याआधी फोन कर आणि तुझ्या साथीला कोण आहे ते सांग. शिकवणाऱ्याचं नाव नको. तू वर आल्यावर चांगलं अर्धा मिनिट तुझ्या तोंडाकडे बघत थांबणार आहे, त्याचं सांग.

तुझे
आप्पा