ताटल्या पालथ्या घालणारं गाव

स्टोक-ऑन-ट्रेंट, इंग्लंड,
५ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. हाडांचा भाग येईल तेवढा मात्र मनातल्या मनात वाचा.

माझी तब्येत उत्तम आहे. थंडी सोसण्यासारखी आहे. वेळेवर जेवते. आई, फोटोत हात खरखरीत दिसले ते ड्यूटीमुळे नव्हे, मातीमुळे. "बारा तास उभं राहून वर चिखलात कशाला हात घालतेस?" म्हणालीस. अगं, मातीची भांडी करायचा वर्ग आहे, आठवड्यातून एक मंगळवारची संध्याकाळ, दोन तास, तेही बसून. खोलीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. म्हणजे, तशी मी एकटी नसतेच.

इथल्या लोकांची एक खोड मला दोन महिने कळलीच नव्हती. हॉटेलात गेले की ही माणसं आधी ताटली उलटी करतात. आमच्या वॉर्डातल्या एक बाई निवृत्त झाल्या, तेव्हा सगळ्याजणी जेवायला गेलो होतो. मेन्यूकार्ड उघडायच्या आधीच सगळ्यांच्या बश्या पालथ्या! मला वाटलं, नीट धुतल्यात का ते बघतायत. मीही माझी रुमालाने पुसून घेतली. तसं नव्हतं. बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो, तो वाचतात. बशी आपल्या गावात भाजलेली की बाहेरची? बाहेरची निघाली की तोंडं वाकडी. सहा गावं मिळून हे शहर झालंय आणि पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचं पोट चिनीमातीवर. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या एके काळी २,००० च्या वर होत्या, नुसता कोळशाचा धूर. १९५६ चा हवाशुद्धीचा कायदा आला आणि त्या विझत गेल्या. आता ५० सुद्धा उभ्या नाहीत. कुणाची आई फुलं रंगवायला होती, कुणाचे मामा भट्टीवर, त्यामुळे शिक्का वाचणं म्हणजे घरचंच नाव शोधणं. आहेरातल्या पातेल्यावरचं नाव वाचून तू "हे अमक्यांकडचं" सांगतेस ना, तसंच. फक्त तू ते पंगत बसल्यावर करत नाहीस.

(बाबा, इथून मनात.) बोन चायना म्हणजे खरंच हाडं. जनावरांच्या हाडांची राख, निम्म्याच्या आसपास. म्हणून तर कप उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसतात. आमच्या वर्गात ती नसते, साधी लाल माती असते. आजीने विचारलं तर एवढंच सांगा.

(आता मोठ्याने.) वर्गात भट्टी एकच, सगळ्यांची भांडी एकत्र भाजतात. मी दिवाळीसाठी पणत्या केल्या. घाई केली आणि एक आतून ओली राहिली. ओल राहिली की आत वाफ धरते आणि भांडं फुटतं. ती फुटली ती फुटली, जाताना शेजारच्या आजोबांच्या मगचा कान घेऊन गेली. हे आजोबा जन्मभर कारखान्यात कपांना कान लावायचं काम करत होते! मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी तो तुटका कान उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "असू दे, डक." (डक म्हणजे बदक. इथे प्रेमाने सगळ्यांनाच म्हणतात, माझे पेशंटसुद्धा मला.) मग मातीचा गोळा एका हातात धरून, दुसरा हात ओला करून, गायीची धार काढावी तसा कान कसा ओढायचा ते दाखवलं. माझे पहिले चार तुटले. पुढच्या मंगळवारी बघते तर माझ्या नव्या पणत्या गरम पाइपाजवळच्या फळीवर, आणि आजोबांचं सामान खाली, ओलीत.

त्यातल्या ५ पाठवते आहे. आई, बुडाशी तुझं नाव कोरलंय, आपल्या डब्यांवर आहे तसं.

बाबा, या महिन्यात १५,००० रुपये कमी येतील. व्हिसाचे भरायचे होते. वर्गाची फी त्यात नाही, ती मी जास्तीच्या ड्यूट्यांमधून देते. पण त्यापायी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, डिसेंबरात भरून काढते. दिवाळीला येणं होत नाही. रजा मागितली होती. म्हणजे उशिरा मागितली, खरं सांगायचं तर. दादा-वहिनी आहेतच. आत्याने आणलेल्या पुण्याच्या स्थळाचा फोटो बघितला. चांगला आहे. नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. आत्याला "ड्यूटी बदलली की बोलेल" एवढंच सांग आई, आणि चिडू नकोस.

तुमची,
प्राजू

ता. क. पणत्यांना ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप नाही, तेल पितील. आदल्या रात्री पाण्यात घालून ठेव. तुला काय सांगायचं म्हणा.