मल्चिंग पेपर मातीत खरंच कुजतो का, ते आधी तपासा मग अनुदान द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

प्लॅस्टिक खाणारा जीवाणू सापडला, प्लॅस्टिक खाणारी अळी सापडली अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात आणि मग आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहतात. त्या वाचून बऱ्याच जणांचा असा समज झालाय की आता मल्चिंग पेपरवर (पिकाच्या बेडवर अंथरतो त्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर) पण कायतरी औषध निघणार, ड्रिपमधून सोडलं की रानातला पेपर गायब. मी मिरची करतो, मल्चिंगवरच करतो, त्यामुळे या विषयावर जमेल तेवढं वाचलंय आणि जे समजलं ते इतर शेतकऱ्यांपर्यंत जावं म्हणून हे पत्र.

जपानमध्ये 2016 ला जो जीवाणू सापडला तो पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक म्हणजे पेट खातो. आपला मल्चिंग पेपर पेटचा नसतो, तो पॉलिथिनचा असतो. पेटच्या साखळीत ठराविक अंतरावर असे जोड असतात जे जीवाणूच्या एन्झाइमला, म्हणजे त्याच्या पाचक रसाला, पाण्याच्या मदतीने तोडता येतात, पॉलिथिनमध्ये नुसता कार्बनला कार्बन जोडलेला, तिथे एन्झाइमला धरायला सहजासहजी जागा नाही. 2017 ला स्पेनमधल्या संशोधकांनी मधाच्या पोळ्यातली मेणअळी पॉलिथिनला भोकं पाडते असं दाखवलं, नंतर तिच्या लाळेतली एन्झाइम पण शोधली, मोठं काम आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण ती अळी मधमाशीपालन करणाऱ्यांची शत्रू, तिला कोण रानात सोडणार, आणि सोडली तरी ती मातीत गाडलेल्या चिंध्या शोधत बसणार नाही. म्हणजे जो पेपर आत्ता आपल्या जमिनीत आहे त्याच्यावर जैविक उपाय आज तरी कुणाकडे नाही, तो हाताने वेचूनच काढावा लागतो.

आणि वेचणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहिती. मिरचीची झाडं उपटली की बेडवरचा मधला पेपर बऱ्यापैकी निघतो, पण दोन्ही बाजूच्या कडा मातीखाली दाबलेल्या असतात त्या ओढल्या की फाटतात आणि अर्धी पट्टी आतच राहते. लव्हाळ्याने तर पेपरला खालून सुईसारखी भोकं पाडलेली असतात, त्या जागी हात लावला की तुकडा हातात येतो, बाकीचा तिथंच. चार फुटी पन्ना, 400 मीटरचं बंडल, 25 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचं असेल तर त्यात अकरा किलोच्या आसपास प्लॅस्टिक असतं आणि पाच फुटाच्या बेडला एकरी सहा-सात बंडलं लागतात, म्हणजे एका एकरात सत्तर-पंच्याहत्तर किलो पॉलिथिन आपण दर लागणीला अंथरतो. मजूर मिळाले तर वेचतो, नाही मिळाले तर रोटाव्हेटर मारतो आणि मग त्याचे नखाएवढे तुकडे होऊन कायमचे मातीत जातात. वेचलेला पेपर भंगारवाला पण घेत नाही कारण त्याला चिकटलेली ओली मातीच पेपरापेक्षा जास्त भरते. मग तो बांधावर ढीग करून पेटवतात, काळा धूर निघतो, उरलेलं वाऱ्याने शेजाऱ्याच्या रानात, ओढ्यात, गुरांच्या तोंडात.

मल्चिंग सोडा असं मी म्हणणार नाही, सोडता येणारच नाही. पाणी वाचतं, खुरपणी वाचते, पेपरच्या चंदेरी बाजूवरून उजेड परतून पानांच्या खाली जातो म्हणून सुरुवातीला थ्रिप्स, मावा या किडी कमी राहतात, मिरची-टरबुजाचं गणितच त्याच्यावर चालतं. चीनने पण हेच केलं. शिनच्यांगमध्ये कापसाला वर्षानुवर्षं अतिशय पातळ पेपर वापरला, जमिनीत प्लॅस्टिकचे थर साचले, शेवटी 2017 च्या नव्या मानकात किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन करावी लागली, का तर पातळ पेपर गोळाच करता येत नाही. आपण त्याच रस्त्याने चाललोय, फक्त थोडे मागे आहोत.

आता खरी आशा कुठे आहे ते सांगतो. मुळातच जीवाणू-बुरशीला खाता येईल असा पेपर बनवायचा. पीबीएटी नावाचं एक पॉलिस्टर आहे, त्यात बहुतेक वेळा पीएलए (साखर-स्टार्चपासून बनवलेलं प्लॅस्टिक) किंवा स्टार्च मिसळून पेपर बनवतात. याच्या साखळीत ते तुटणारे जोड असतात. मातीतली बुरशी, जीवाणू आधी बाहेरून एन्झाइम सोडून साखळी तोडतात आणि मग तुकडे आत घेऊन त्यातला कार्बन खातात. हे नुसतं कंपनीचं म्हणणं नाही, झुरिकच्या संशोधकांनी 2018 मध्ये पीबीएटीतल्या कार्बनला खूण करून तो मातीत कुठे जातो ते बघितलं, काही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला आणि काही सरळ बुरशीच्या अंगात सापडला. जपानमध्ये तर भाताच्या पानांवर राहणाऱ्या एका यीस्टचं एन्झाइम काढून असा कुजणारा पेपर लवकर कुजवायचं काम झालंय. ड्रिपमधून सोडायच्या औषधाचं जे स्वप्न आपले लोक बघतात त्याच्या सगळ्यात जवळचं हेच, पण ते कुजणाऱ्या पेपरासाठी आहे, पॉलिथिनसाठी नाही, हे लक्षात घ्या.

आता माझी खरी तक्रार. आमच्या बाजूच्या एका तालुक्याच्या गावी कृषी केंद्रावर मला "मातीत विरघळणारा" म्हणून पेपर दाखवला, भाव नेहमीच्या पेपरापेक्षा थोडाच जास्त. मी विचारलं कशाचा बनलाय, कुठलं सर्टिफिकेट आहे, तर उत्तर आलं दादा उन्हात आपोआप चुरा होतो, तुम्हाला वेचायचं टेन्शन नाही. हाच तर घोटाळा आहे! साध्या पॉलिथिनमध्ये काही रसायनं घातली की ते उन्हाने कडक होऊन त्याचा चुरा होतो. कडबा कुट्टीतून काढला की बारीक होतो, कुजत नाही, तसंच हे. डोळ्याला दिसत नाही म्हणून आपण खूश आणि जे वेचून काढता आलं असतं ते आता कधीच वेचता येणार नाही असं होऊन बसतं. युरोपने असलं ऑक्सो-डिग्रेडेबल प्लॅस्टिक 2021 पासून विकायलाच बंदी केलीय, आणि आपल्याकडे ते शेतकऱ्याच्या काळजीच्या नावाखाली काउंटरवर येतंय याचा मला फार राग येतो.

दुसरी गफलत कंपोस्टेबल या शिक्क्याची. आपल्याकडचं आयएस 17088 हे मानक कंपोस्टिंगचं आहे, म्हणजे 58 अंशाच्या आसपास गरम असलेल्या, ओल टिकवलेल्या ढिगात माल कुजतो का ते बघतात. आपलं रान म्हणजे तो ढीग नाही. मे महिन्यात वरची माती तापते पण ती कोरडीठाक असते, ओल नसेल तर जीवाणू काम काय करणार, आणि ओल येते तेव्हा माती गार होते. नुसत्या पीएलएचा पेपर अशा मातीत फार सावकाश कुजतो. उसाच्या साखरेपासून पीएलए बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प 2024 मध्ये आपल्या जेजुरीलाच सुरू झाला ही आनंदाची गोष्ट आहे, ऊसवाल्यांना पुढे त्यातून चार पैसे मिळावेत, पण ऊसापासून बनलं म्हणजे रानात कुजलं असं होत नाही, हे दोन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि जाहिरातीत ते मुद्दाम एकत्र केले जातात.

मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी युरोपचं वेगळं मानक आहे, ईएन 17033, 2018 चं. त्यात 20 ते 28 अंशाच्या साध्या मातीत दोन वर्षांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला लागतो, शिवाय गांडूळ, पीक आणि जमिनीतले नत्राचे जीवाणू यांना त्रास होत नाही ना हे पण तपासतात. आपल्या केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमात दुरुस्ती केली, त्यात जैवविघटनशील म्हणायचं असेल तर मागे मायक्रोप्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक कण राहता कामा नयेत असं स्पष्ट लिहिलंय आणि विक्रीआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नियम चांगला आहे. तो तालुक्याच्या काउंटरपर्यंत आलेला मला तरी दिसला नाही.

म्हणून कृषी खात्याला माझी मागणी आहे. फलोत्पादन अभियानात मल्चिंगला कितीतरी वर्षं हेक्टरी 32,000 रुपये खर्च धरून त्याच्या निम्मे म्हणजे 16,000 रुपये अनुदान दिलं गेलं, दोन हेक्टरपर्यंत. पेपर अंथरायला पैसे, पण काढायला दमडी नाही. मातीत कुजणारा खरा पेपर साध्याच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो, तेवढ्यासाठी शेतकरी त्याच्याकडे वळत नाही, पण काढायची मजुरी, रान मोकळं व्हायला लागणारा वेळ हे धरलं तर फरक बराच कमी होतो. तेव्हा मातीतल्या चाचणीत पास झालेल्या पेपराला जास्तीचं अनुदान द्या. आणि ही चाचणी चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या मातीत करावी, राहुरीची काळी जमीन वेगळी, दापोलीची जांभ्याची वेगळी, विदर्भातल्या उन्हाळ्याचं तर विचारूच नका. निकाल कंपनीच्या नावासकट आणि किती महिन्यांत किती कुजला या आकड्यासकट मराठीत जाहीर करावा. तोपर्यंत साध्या पेपरवाल्यांना जाडीची अट घाला आणि वापरलेला पेपर बाजार समितीच्या आवारात किलोवर परत घ्यायची सोय करा, मातीचं वजन कापून घेतलं तरी चालेल, आम्ही आणून टाकू.

शेतकरी भावांना एवढंच सांगेन की विरघळणारा पेपर कुणी दाखवला तर प्रदूषण मंडळाचं प्रमाणपत्र आणि कशाचा बनलाय ते बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली तर तो पेपर घेऊ नका.

आपला,
एक मिरची उत्पादक शेतकरी,
ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर