काका, तो लखलखीत ट्रम्पेट घेऊ न दिल्याबद्दल आभार

प्रिय काका,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "वॉल्व्हला तेल घातलंस का?" असं विचारून विषयच संपवता. म्हणून लिहूनच काढतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. जुना ट्रम्पेट कपाटात ठेवायला नव्हे, वाजवायला घेऊ पाहणाऱ्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर तेही पुण्य तुमच्याच खात्यावर.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच नाव होतं, मार्टिन कमिटी. अमेरिकेतल्या एल्कहार्टमध्ये बनलेला, ट्रम्पेट घडवणाऱ्या रेनल्ड शिल्की यांचा हात लागलेला, माइल्स डेव्हिस आणि चेट बेकर या जॅझवाल्यांनी वाजवलेला. तसा एक समोर आलाही, आणि तोही असा चकचकीत की मी खिशात हात घालायच्या बेतात होतो. तुम्ही मात्र तो ओठांना लावलाच नाहीत. आधी बेलवरच्या, म्हणजे पुढच्या कर्ण्यावरच्या, कोरीव कामावरून नख फिरवलंत. अक्षरं पुसट, कडा गुळगुळीत. "चाकावर धरून घासलाय. लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, गेलं, त्याच्याबरोबर पितळही गेलं. वरचं हे लॅकर नवं आहे." मग लीडपाइप, म्हणजे माउथपीस जिच्यात बसतो ती पहिली नळी, उजेडाकडे धरलात आणि त्यावरचे बारीक गुलाबी ठिपके दाखवलेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं आत ओल राहिली की जस्त झिजून जातं आणि मागे उरतं ते ठिसूळ, लालसर तांबं. हा रोग आतून बाहेर येतो. ठिपका वर दिसला तेव्हा आतलं बरंच खाऊन झालेलं असतं. मी म्हटलं, पाइप बदलता येईल ना? "येईल की. पण ट्रम्पेट कसा बोलतो ते बरंचसं त्या पाइपच्या आतल्या निमुळतेपणावर ठरतं. तोच गेल्यावर नुसतं नाव घेऊन काय करशील?"

माझा चेहरा पाहून तुम्ही हसलात. तुम्ही दुसरं काही केलं नसतंत, तरी एवढ्यासाठीही हे पत्र लिहिलं असतं.

दुसरा, चांदीचा मुलामा असलेला, त्याहून जुना होता. त्यावर एच. पी. ही अक्षरं दिसताच तुम्ही तो खाली ठेवलात. हाय पिच. ए = 440, म्हणजे ए या सुराची सेकंदाला 440 कंपनं, हे माप 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरलं; त्याआधी, विशेषतः 1920 च्या आसपासपर्यंत, बरीच वाद्यं 450 च्याही वरच्या सुरात बनत. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) ओढून मोकळा, म्हणजे वॉल्व्ह न दाबता निघणारा, सूर कदाचित खाली आणता येईल, पण तिन्ही वॉल्व्हच्या (बोटांनी दाबायच्या कळांच्या) नळ्या त्या जुन्या मापाच्याच. एक सूर जुळवला की दुसरा सटकणार. दिसायला मात्र सुंदर होता हो.

आणि हवा! वॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड थोडी ओढायची, क्षणभर थांबायचं, मग तोच वॉल्व्ह दाबायचा: "टॉप" असा आवाज आला तर वॉल्व्ह हवा धरतोय. हे मी आधी ऐकलं होतं. पण आधी पिस्टन (वॉल्व्हच्या आत वरखाली होणारे दांडे) बाहेर काढून कोरडे पुसायचे आणि पातळ तेल घालून मगच बघायचं, हे तुमचं. दाट तेल झिजलेल्या पिस्टनची फट भरून टाकतं आणि परीक्षा खोटी पास होते. विकणाऱ्याने ते मुद्दाम घातलं होतं की सवयीने, यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला विचाराल तर मुद्दाम.

मला मात्र सगळ्यात जास्त पटली ती तुमची पाठमोरी परीक्षा. माझाच रोजचा माउथपीस प्रत्येकात लावायचा, कारण माउथपीस बदलला की तुलनाच फसते. आधी मी वाजवायचं, मग मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि तुम्ही वाजवायचं. वाजवणाऱ्याच्या कानाला मोठा वाटणारा आवाज पुढे पोचतोच असं नाही. भिंतीकडे बघत मी ज्याला "हा" म्हटलं, तो निघाला ओल्ड्स कंपनीचा अँबॅसडर. शाळेतल्या मुलांसाठी बनवलेला, बेलवर फुलर्टन हे गावाचं नाव कोरलेलं, लॅकर अर्धंअधिक उडालेलं, बेलच्या वळणावर एक पोचा. तुमचं म्हणणं, बेलवरचा पोचा डोळ्यांना खुपतो, लीडपाइपमधला फुंकेला. बनवणारी कंपनी 1979 साली बंद पडली, पण पिस्टन अजून घट्ट, आणि मधला जी धरला की जागचा हलत नाही. तोच घेतला.

आता वाजवतोय तर त्याची एक खोड कळलीये. लो डी चढा लागतो आणि लो सी शार्प त्याहून चढा. प्रत्येक वॉल्व्हची जादा नळी मोकळ्या नळीच्या हिशोबाने कापलेली. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की ती बेरीज अपुरी पडते. तिसरी स्लाइड ढकलायला बोट शिकतंय, संथ सुरावटीत जमतं, जलद आली की राहून जातं. या ट्रम्पेटच्या पहिल्या स्लाइडला अंगठ्यासाठी आकडाच नाही. तो डाख देऊन बसवावा का? मूळ वाद्याला हात लावू नये असं म्हणणारे भेटतात, पण हा वाजवायलाच घेतलाय, तेव्हा माझं मत बसवावा असं आहे. तुमचं मत कळवा. बसवायचा ठरला तर बसवणार तुम्हीच, आणि या वेळी मजुरी घ्यावी लागेल.

तुमचा,
भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला विद्यार्थी