मोजपट्टी बंदरातच का थांबावी?

महोदय,

गेल्या रविवारी येथील मासळी बाजारात विक्रेत्याने बर्फाच्या खोक्यातून काढून जो पापलेटचा वाटा पुढे केला, त्यातील सहाही मासे माझ्या तळहातावर मावत होते. स्वस्त म्हणून मी तो घेतला, हा दोष माझाच. घरी मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी लावून पाहिली, तर एकही मासा बारा सेंटीमीटरपुढे गेला नाही.

राज्य शासनाने 2023 मध्ये समुद्रातील 54 जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले आहे. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर, बोंबलासाठी 180 आणि सुरमईसाठी 370 मिलिमीटर आहे. मासा निदान एकदा तरी अंडी घालून मगच जाळ्यात यावा, हा त्यामागचा साधा हिशेब. त्याच वर्षी पापलेटला ‘राज्य मासा’ हा मानही मिळाला. तो मान सोलापुरात साठ रुपयांच्या वाट्यात विकला जात आहे.

कायदा दुबळा आहे असे म्हणता येणार नाही. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 मध्ये सुधारणा होऊन दंड वाढले, एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यास पाच ते वीस लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले. राज्याच्या हद्दीतील बारा सागरी मैलांवर जानेवारी 2025 पासून ड्रोनने टेहळणीही सुरू झाली. मात्र ही सारी नजर नौकेवर आणि बंदरावर आहे. नौका वरून दिसते, तिच्या खणातील माशाची लांबी दिसत नाही; आणि मासळी एकदा थर्माकोलच्या खोक्यात बंद होऊन रातोरात घाटावर आली की ती कोणत्या नौकेची, कोणत्या जाळ्याची, हे विचारणारा कोणी उरत नाही. लहान मासा खपतो म्हणून तो पकडला जातो, आणि खपण्याच्या ठिकाणांत आमच्यासारखी समुद्र नसलेली शहरेही आहेत.

उजनी जलाशयाला सागरी कायदा लागू नाही, पण दुखणे तेच आहे. तेथे वडाप नावाच्या बारीक आसाच्या जाळ्याने कटला-रोहूची बोटभर पिल्ले उपसली जातात, अशी तक्रार भीमाकाठचे मच्छीमार वारंवार करतात.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यापासून दूरच्या घाऊक बाजारांतही अचानक तपासणी करावी आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खोक्यासोबत बंदराचे नाव व नौकेचा नोंदणी क्रमांक असलेली पावती सक्तीची करावी. कारवाईची सुरुवात गाडी भरून माल मागवणाऱ्या व्यापाऱ्यापासून व्हावी. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला आलेला माल विकण्यावाचून गत्यंतर नसते, तिच्यावर पावती फाडून समुद्रात एकही मासा वाढणार नाही. आणि तोवर महापालिकेने निदान मासळी बाजारातील प्रत्येक ओट्याच्या कडेला पापलेट, सुरमई, बोंबील यांच्या मापाच्या ठळक रेघा रंगवून द्याव्यात, म्हणजे माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला पैसे मोजण्याआधी मासा मोजता येईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर