लिंबूटिंबूचं कुणी विचारलंच नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हुशार मुलांना इयत्ता गाळू द्या हा लेख वाचला, खरं तर वाचावा लागला कारण सकाळी आठच्या आत तो आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला. भाचीचा मुलगा चौथीत आहे, सहावीची गणितं चटाचटा सोडवतो, त्यामुळे आता पाचवी गाळायची असं घरात जवळपास ठरलंय. आभारी आहोत!

लेखिकाबाईंचा अभ्यास दांडगा आहे, वाद नाही. वर्गात बसून कंटाळा येतो हेही खरंय, मला पण यायचा. पण लेखात आईबाबा बोलतात, शिक्षक बोलतात, समुपदेशक बोलतात, आणि ज्याला उचलून पुढच्या वर्गात ठेवायचं तो पोरगा एका ओळीत पण नाही.

तो पोरगा मी होतो. 1971 च्या जूनमध्ये हेडमास्तरांनी मला दुसरीतून थेट चौथीत नेऊन बसवलं, तेव्हा त्याला डबल प्रमोशन म्हणायचे. वडिलांनी अख्ख्या वाड्यात पेढे वाटले. इकडे वर्गात पहिल्याच आठवड्यात माझं नाव पडलं अर्धं तिकीट, ते दहावीपर्यंत पुरलं. गणितात पहिला यायचो हो, पण मधल्या सुट्टीत खो-खो सुरू झाला की मी लिंबूटिंबू. म्हणजे खेळायचं, पण आउट झालं तरी धरायचं नाही. त्यापेक्षा न घेतलेलं बरं. जुनी दुसरीची पोरं आता तिसरीत, ती म्हणायची जा की तुझ्या मोठ्या वर्गात. मग मी नळावर जाऊन उभा राहायचो, ओंजळीने पाणी प्यायचो, मागे कुणी आलं की बाजूला व्हायचो, परत रांगेत शेवटी, परत पाणी, असं करत घंटा होईपर्यंत. घरी सांगितलं नाही, पेढे वाटले होते ना.

आणि तिसरीत असतो जिल्ह्याचा भूगोल. तो माझा राहिला तो राहिलाच. पुणे जिल्ह्यातले तालुके मला आजही सलग सांगता येत नाहीत, जुन्नर, आंबेगाव, खेड इथपर्यंत गाडी जाते आणि मग शिरूर की दौंड इथे अडकतो. आमची ही सोलापूरची असून चौदाच्या चौदा म्हणून दाखवते, तेही पाहुण्यांसमोर.

बरं, गाळून घाई कसली? डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे नीटला बसायचं तर त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण लागतात. एक इयत्ता गाळली तर जेमतेम बसतं, लेखात तर दोनचं पण समर्थन आहे, म्हणजे बारावी करून वर्षभर घरात बसा! आणि आमच्या बाबतीत नेमकी पाचवीच गाळायची म्हणे. अहो, याच शहरात सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी ही संस्था 1962 पासून हेच काम करतेय, बुद्धिमान मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलांत ठेवून जास्तीचं द्यायचं, आणि तिच्या शाळेत, प्रशालेत, परीक्षा देऊन प्रवेश मिळतो तो पाचवीला. पुण्यात छापलेल्या लेखात त्यावर अवाक्षर नाही, कमाल आहे. भाचीला हे सांगितलं तर म्हणते मामा, तुमचा काळ वेगळा होता. असेल. मी पोरालाच विचारलं, तर म्हणाला अथर्व येणार असेल तर जातो सहावीत. अथर्व म्हणजे बाकावर शेजारी बसणारा, त्याला अजून पाढे येत नाहीत.

जाता जाता, मंगळवारच्या शब्दकोड्यात 14 आडवा, चौकोन चार आणि बुधवारी छापलेलं उत्तर पाच अक्षरी. मी पेनाने सोडवतो, सगळा कोपरा खाडाखोड झाला. निदान चौकोन तरी मोजत जा.

आपला,
नारायण पेठेतला एक जुना वाचक
(नाव छापू नये, भाची पण तुमचाच पेपर घेते)