अठ्ठेचाळीस तासांची हजेरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाल्या. तेव्हापासून हातात येणारा पगार किती घटणार आणि ग्रॅच्युइटी वर्षभरात मिळणार का, यावर भरपूर छापून आले. नोकरदार वाचकाला त्यात रस असणारच. पण या चारांतली एक संहिता कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची आणि आरोग्याची आहे. तिच्याबद्दल चार ओळींपलीकडे माझ्या वाचनात काही आले नाही, म्हणून हे पत्र.

मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, 22 वर्षे टाइम ऑफिसात होतो. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक आणि भिंतीवरचे फलक हे माझे खाते. (डावा कानही तिथेच अधू झाला, पण ते असो.) आमच्या प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे दाबणारा वरचा भाग, खाली येणार, म्हणजे हात खालच्या डायमध्ये (साच्यात) राहायला नको. पण नग जास्त निघावेत म्हणून एका बटणात काडी खोचून ते दाबलेलेच ठेवायचे, ही तिथली रीत. सुपरवायझर बघत आणि पुढे जात. एका रात्रपाळीत ठेक्यावरच्या एका मुलाच्या तर्जनीचे पेर गेले. ठेकेदाराने ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, त्याचे नाव अजून चढवले नव्हते, म्हणून जवळच्या खासगी दवाखान्यात टाके घातले.

अपघातामुळे कामगार 48 तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर तो अपघात सरकारला कळवावा लागतो. 1948 च्या कारखाने अधिनियमात हे कलम 88 होते. नव्या संहितेतही 48 तास कायम आहेत. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षाने आणले, कॅन्टीनच्या बाकावर बसवले, चहा दिला. मला निरोप आला, ‘हजेरी लावा.’ मी लावली. तिसऱ्या दिवशीही लावली. कागदोपत्री तो कामावर होता, त्यामुळे कळवण्यासारखे काही घडलेच नव्हते.

48 तासांचे हे कलम मालकाला ठाऊक होते, ठेकेदाराला होते, मला तर पाठच होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्या मुलाला. खरे तर कायद्याचा गोषवारा गेटजवळ काचेच्या चौकटीत टांगलेला होता. त्याच 1948 च्या कायद्याच्या कलम 108 प्रमाणे तो मुख्य प्रवेशद्वाराजवळ, स्वच्छ आणि वाचता येईल असा ठेवायचा असे. दर शनिवारी मी स्वतः काच पुसायचो. पण मजकूर इंग्रजीत आणि मराठीत, आणि मुलगा बिहारचा. कलमात इंग्रजीच्या जोडीला बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा सांगितली होती. मराठी पाट्यांचा आग्रह मलाही आहे, दुकानावर मराठीच हवी. पण रात्रपाळीला प्रेसवर बसलेली निम्म्याहून जास्त पोरे हिंदी वाचणारी असताना मी मराठी चौकट पुसत बसलो, याला मराठीचे प्रेम म्हणत नाहीत.

निवृत्तीनंतर आता मी पाच-सहा छोट्या वर्कशॉपची रजिस्टरे भरून देतो. तिथे मालकांचा एकच प्रश्न: ‘काका, आता कोणता फलक लावायचा?’ संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांचे संबंधित नियम चालू राहतील, असे सरकारने संहिता लागू करतानाच सांगितले होते. मालकाने त्याचा सोयीचा अर्थ काढला: जुना फलक उतरवला आणि नवा अजून लावला नाही. वीज वापरणारा ‘कारखाना’ ठरायला मूळ 1948 च्या कायद्यात 10 कामगार पुरत, नव्या संहितेत 20 लागतात. 14 माणसांच्या शॉपचा मालक तेवढेच ऐकतो आणि सुटलो म्हणतो. 10 कामगार असले तरी ती ‘आस्थापना’ आहे, जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे आणि प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणे त्यालाही चुकलेले नाही, हा पुढचा भाग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सुरक्षा समितीची सक्ती 500 कामगारांच्या कारखान्याला. 14 जणांच्या शॉपमध्ये बोलायचे कुणी? धोका दिसला तर मालकाला सांगण्याचा आणि सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क संहितेने कामगाराला दिला आहे. तो कुठल्या भिंतीवर लिहिलेला मला अजून दिसला नाही.

दिसतात ती पोस्टरे. 4 मार्चला सुरक्षा दिन येतो, छातीला बिल्ला लागतो, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. हेल्मेट घातलेला हसरा माणूस ‘हातमोजे वापरा’ सांगतो. ड्रिल मशीनवर हातमोजा घातला तर तो फिरत्या ड्रिलमध्ये अडकून हात ओढला जातो, हे पोस्टर छापणाऱ्याला कुणी सांगत नाही.

नव्या संहितेत निरीक्षकाने तपासणीबरोबर मार्गदर्शनही करायचे आहे. माझी विनंती एवढीच की सुरुवात एका कागदाने करावी. मराठी आणि हिंदी, ठळक टाइप. बटणात काडी खोचायची नाही. लागले तर 48 तासांचा अर्थ काय. ईएसआयचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. तक्रारीला फोन कुठे करायचा. नियम बदलला की कागद बदलावा. आणि तो ऑफिसात न लावता मशीनसमोर लावावा.

असा कागद सरकारने काढला आणि आपण आपल्या अंकात पूर्ण पान छापलात, तर माझ्या सहा वर्कशॉपांत मी स्वतः चिकटवून येईन. गोंद माझा.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, भोसरी