पंप बदला, पण आधी मोजा तरी

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबणार आहे, कापलंत तरी चालेल, फक्त मधले आकडे तेवढे ठेवा. विषय तसा माझ्या घरचाच, 2006 सालची छोटी पेट्रोल गाडी, एमएच 11 पासिंग, आणि तिचा टाकीतला फ्युएल पंप, म्हणजे टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणारा. पण गेल्या दोन महिन्यात ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांकडं हीच गोष्ट निघाली, कुणाचे प्लग बदलले, कुणाच्या गळ्यात बॅटरी मारली, कुणाला नवीन कॉइल, आणि शेवटी निघाला पंपच. म्हणून म्हणलं लिहावं.

मे महिन्यात पुण्याला लेकीकडं गेलो होतो, परत येताना दुपारचे दीड वाजलेले, खंबाटकी चढायला लागलो आणि दोनतीन वळणं झाली नाहीत तोवर गाडी आचके द्यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर उलट दम सोडायची, दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला, मागं कंटेनरची रांग आणि हॉर्नवर हॉर्न. कशीबशी कडेला घेतली आणि बंदच पडली. हँडब्रेकचा भरवसा नव्हता म्हणून मंडळींनी उतरून टायरमागं दगड लावला, आणि दगड लावता लावता "मी म्हणत होते एसटीनं जाऊ" हेही ऐकवून घेतलं. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला, शिरवळला गर्दी होती म्हणून टाकलं नव्हतं, घाट उतरला की सुरूरला टाकू असा माझा हिशोब. एक बाइकवाला पोरगा खाली जाऊन बाटलीत दोन लिटर घेऊन आला (बाटलीत देत नाहीत, यानं कसं मिळवलं ते मी विचारलं नाही). ते ओतलं, सेल्फ मारला, गाडी चालू! म्हणलं चला, पेट्रोलच संपलं होतं.

इथंच फसलो. त्या सगळ्या भानगडीत पाऊण तास गेला होता आणि तेवढ्यात पंप गार झाला होता, बाटलीतल्या पेट्रोलचा त्यात फार तर निम्मा हात.

कारण या गाड्यांचा पंप म्हणजे एक छोटी इलेक्ट्रिक मोटर असते आणि ती टाकीत पेट्रोलमधेच बुडालेली असते. जे पेट्रोल ती ओढते तेच तिच्या अंगातून जातं आणि तिला गार ठेवतं. टाकी तळाला गेली की मोटर उघडी पडते, तापते, चढावर पेट्रोल एका बाजूला सरकतं मग हवा ओढते, आणि अशी वर्षानुवर्षं तापून तापून आतले कार्बन ब्रश झिजतात. गार असताना बरी चालते, तापली की मान टाकते. आमचे थोरले दाजी अजून सांगतात की पंपावर ओलं फडकं टाक, ते पद्मिनी-अँबॅसेडरला ठीक होतं, तिथं पंप इंजिनलाच चिकटलेला, मेकॅनिकल, घाटात तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि ओल्या फडक्यानं खरंच फरक पडायचा. 2000 सालच्या आसपास छोट्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजिनात प्रेशरनं पेट्रोल फवारायची पद्धत, आलं आणि पंप गेला टाकीत. आता फडकं कुठं टाकता?

साताऱ्यात आल्यावर पंधरा दिवसात तीनदा बंद पडली. पोवई नाक्यावर एकदा, ते तर विचारूच नका. मग एका गॅरेजला दिली, नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. त्यानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान लावून ऐकलं आणि म्हणाला साहेब प्लग गेलेत. प्लग बदलले. चार दिवसांनी परत तेच, मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, साफ केली. परत तेच, मग कॉइल. तीन बिलं मिळून 5,900 रुपये आणि गाडी लिंब खिंडीत उभी. चौथ्यांदा म्हणाला आता पंप बदलून बघू, पूर्ण असेंब्ली, म्हणजे मोटरसकट सगळा संच, 4,800. बघू! माझी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधण्यात गेली, केबल तुटली तर अंदाजानं सगळा रस्ता खणायची पद्धत आमच्याकडं नव्हती, आधी मीटर लावायचा, फॉल्ट किती मीटरवर आहे ते काढायचं आणि तिथंच खड्डा घ्यायचा. हा तर माझ्या पैशानं अंदाज घेत होता. गाडी उचलली आणि आणली घरी.

मग शेजारच्या पोरानं एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. पत्र्याचं शेड, बाहेर बोर्ड पण धड नाही, पण त्याच्याकडं फ्युएल प्रेशर गेज, म्हणजे पेट्रोलचा दाब मोजायचा मीटर, होता. पोरगा असेल तिशीचा. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी मला म्हणलं काका नुसती चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि स्वतः मागच्या सीटवर कान लावून बसला. चावी ऑन केली की मागून दोनतीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, पंप लाइनमधे प्रेशर भरतो तो. आवाज येत होता पण घशात काही अडकल्यासारखा. ही टेस्ट फुकट आहे, रेडिओ बंद करून कुणीही घरी करावी, आवाजच नसेल तर मात्र लगेच पंपाला दोष देऊ नका, आधी फ्यूज आणि रिले बघा.

मग गेज लावला. माझ्या गाडीला प्रेशर पाहिजे साधारण तीन किलो (दर चौरस सेंटिमीटरला), निघालं 1.7. तो म्हणला पंप गेला. मी म्हणलं थांब बाळा, माझा मल्टिमीटर आणलाय. बॅटरीवर 12.5 व्होल्ट, आणि पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर मोजले तर 10.3. दोन व्होल्ट कुठं गेले? शोधत गेलो तर मागं बॉडीला जी अर्थिंगची वायर बोल्टनं आवळलेली असते तिथं नुसता गंज. घासून परत आवळली, 11.8 झाले, प्रेशर 2.1 वर आलं. मला वाटलं पंप वाचला, पैसे वाचले, पण दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्यावर प्रेशर उतरत उतरत 1.4, आणि घाटात दिले होते तसेच आचके. म्हणजे पंप खरंच गेला होता. पण अर्थिंग तसंच ठेवून नवा पंप बसवला असता तर तोही कमी व्होल्टेजवर रडत बसला असता, आणि मग आपण म्हणणार डुप्लिकेट पार्ट दिला.

आता बदलायचं काम. आमच्या गाडीला मागच्या सीटखाली झाकण आहे, काही गाड्यांना नसतं, तिथं टाकीच खाली उतरवावी लागते आणि मजुरी वाढते, हे आधी विचारून घ्या. सीट उचलली तर खाली शेंगांची टरफलं, नातवाची एक गाडी, लोणंदच्या एसटीचं तिकीट आणि तीन रुपये, त्यातला एक रुपया जुना मोठा. मिस्त्रीनं आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, नाहीतर पाइप काढताच पेट्रोल तोंडावर उडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग हवा मारून झाकणावरची सगळी माती उडवली, उघडल्यावर ती टाकीत पडू नये म्हणून, आणि ती मोठी रिंग फिरवताना हातोडी थेट लोखंडावर न मारता मधे लाकडाचा ठोकळा धरला, ठिणगी नको म्हणून. शेजारी एकजण मोबाइल चार्जिंगला लावून विडी पेटवायच्या बेतात होता, त्याला असा काही बाहेर काढला की मला बरं वाटलं. पहिल्या गॅरेजला एवढी काळजी मी पाहिली नव्हती.

पंप वर आला. खालची जाळी पांढरी असायला पाहिजे ती चहाच्या गाळण्यासारखी काळपट तपकिरी, बोटानं दाबली तर गाळ निघाला. 19 वर्षांचा गाळ.

मिस्त्रीनं विचारलं पूर्ण असेंब्ली का नुसती मोटर. आमची असेंब्ली, फ्लोट (पेट्रोल किती उरलं ते काट्याला सांगणारा तरंगता भाग) वगैरे ठीक होतं म्हणून नुसती चांगल्या कंपनीची मोटर घेतली, 1,350 रुपये, नवी जाळी, नवी रबरी रिंग आणि आतला छोटा पाइप. या पाइपाकडं लक्ष द्या. बाहेर वापरतात तो पेट्रोलचा नेहमीचा रबरी पाइप टाकीत चालत नाही, बाहेरून पण पेट्रोलमधे बुडून राहिला की फुगतो, सैल होतो, आणि मग पंप नवा असून प्रेशर येत नाही. बुडवायचा पाइप वेगळा मिळतो, महाग असतो, पण वीतभरच लागतो. मजुरी 600. परत गेज लावला, तीन किलोला काटा टेकला आणि हलला नाही, अर्धा तास. पहिल्या तीन बिलांच्या निम्म्यातच काम झालं, आणि त्या बिलांतलं आम्हाला लागलं काहीच नाही, प्लगसुद्धा जुनेच बरे होते.

आता कट्ट्यावर सगळे म्हणतात हे इथेनॉलनं झालं. मी तसं म्हणत नाही, 19 वर्षं चाललेल्या मोटरचा दोष मी कुणावर टाकू? आणि आमच्या भावाचा ऊसच कारखान्याला जातो तेव्हा इथेनॉलला शिव्या द्यायला तोंड पण पाहिजे. पण 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडं आलंय, इथेनॉल पाणी धरतं, आणि माझ्यासारख्या जुन्या गाड्यांचे रबराचे पार्ट त्या हिशोबानं केलेले नाहीत हे पण खरंय. जे बदलाल ते नव्या पेट्रोलला चालणारं मागून घ्या एवढंच म्हणतो.

जास्त दोष माझाच होता. दोनशेचं टाका, दोनशेचं टाका. आमच्याकडं ही सवयच आहे, टाकी फुल करणारा माणूस एक तर लांब निघालेला असतो नाहीतर त्याचा पगार झालेला असतो. काटा कायम लाल पट्टीत, आणि मोटर बिचारी कायम अर्धी कोरडी. आता मी पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही. पुढच्या वर्षी गाडीला 20 वर्षं होतील, 20 वर्षांवरच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणाची फी आता 10 हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, तेव्हा ठेवायची का काढायची ते बघू, मंडळींचं मत तुम्हाला वर कळलंच आहे.

गॅरेजवाल्यांना माझी एकच विनंती आहे. पंप बदलला की बिलावर बदलायच्या आधीचं प्रेशर, बदलल्यानंतरचं प्रेशर आणि कनेक्टरवरचे व्होल्ट असे तीन आकडे लिहा, आणि जुना पंप गिऱ्हाइकाच्या हातात द्या. गेज काही लाखाचा येत नाही. आणि ज्यांच्याकडं आहे त्यांनी पंक्चरवाले टायर टांगून ठेवतात तसा बाहेर बोर्ड लावावा, "पंपाचं प्रेशर मोजून मिळेल", सगळे आधी तिथंच जातील, मी तरी जाईन.

आपला,
एक जुना वाचक
गोडोली, सातारा